विद्याशाखा आणि मनाचा ताण : तुलनात्मक अभ्यासपद्धतीची एक चिकित्सा

१

'विविध विद्याशाखांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक ताणाचा तुलनात्मक अभ्यास' अशा शीर्षकाची एखादी प्रबंधिका ज्याने कधीच चाळली नाही असा पदव्युत्तर विद्यार्थी विरळा. अशा प्रबंधिकेची घडण आता ठरून गेलेली आहे. पहिल्या प्रकरणात ताणाच्या चार-सहा व्याख्या येतात. दुसऱ्यात पूर्वसंशोधनाचा आढावा येतो. तिसऱ्यात कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक या शाखांतील प्रत्येकी तीस किंवा पन्नास विद्यार्थ्यांचा नमुना, चौथ्यात मध्यमाने व प्रमाण विचलने, आणि पाचव्यात अमुक शाखेचे विद्यार्थी तमुक शाखेच्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक ताणग्रस्त आहेत हा निष्कर्ष. अखेरीस महाविद्यालयांनी समुपदेशक नेमावेत व योगवर्ग भरवावेत अशी शिफारस करून प्रबंधिका बांधणीस जाते.

या साच्याची थट्टा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. साच्याशिवाय विद्यार्थ्याला संशोधनाचा श्रीगणेशा गिरविता येत नाही, हे प्रत्येक मार्गदर्शक जाणतो. शिवाय विषयही क्षुल्लक नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न हाती घेऊन निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली एक राष्ट्रीय कृतिदल नेमले. ज्या प्रश्नाकडे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला लक्ष द्यावे लागले, त्याविषयी आपल्या विभागांतून जे लिहिले जाते ते कितपत भरवशाचे आहे, हे तपासणे आपलेच काम आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : शाखाशाखांची ही तुलना बहुधा जे मोजल्याचे सांगते ते मोजत नाही. ती विद्यार्थ्यांच्या दुःखाइतकीच त्यांची बोलण्याची सवय, प्रश्नावलीची भाषा, ती भरून घेतल्याचा महिना आणि वर्गातील उपस्थिती यांचेही मोजमाप करीत असते. आणि ही सर्व माने एकाच बेरजेत टाकून शाखांची जी उतरंड रचली जाते, तिच्यामुळे ज्यांना मदतीची खरी गरज आहे तेच नजरेआड होण्याचा संभव असतो.

२

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'ताण' हा शब्द आपल्या भाषेत दोरीचा, तारेचा, तंबूच्या कनातीचा आहे. तुटेपर्यंत ताणू नये, हे आपण व्यवहारात नेहमी म्हणतो. इंग्रजीतील प्रतिशब्दही मूळचा पदार्थांच्या बलाबलाचा विचार करणाऱ्या शास्त्रातीलच. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध करून, नाना प्रकारच्या अपायकारक कारणांना शरीर एकाच ठरावीक रीतीने प्रतिसाद देते असे दाखविले, आणि पुढे त्या प्रतिसादाला हे नाव रूढ झाले. म्हणजे ज्या संकल्पनेवर आपण विद्यार्थ्यांचे मन मोजू पाहतो, तिचा उगम प्रयोगशाळेतील उंदरांच्या शरीरावर झालेल्या परिणामांत आहे. तेथून ती मनाच्या प्रांतात आली हे गैर नव्हे. पण येताना तिने कोणता अर्थ मागे टाकला व कोणता नवा घेतला, याचा हिशेब 'व्याख्या' या प्रकरणात क्वचितच आढळतो.

मराठी बोलणारा विद्यार्थी आपल्या मनाची अवस्था कशी सांगतो? 'मी तणावग्रस्त आहे' असे तो म्हणत नाही. तो म्हणतो, अभ्यासात मन लागत नाही, काही सुचत नाही, डोके जड झाले आहे, छातीत धडधडते, जीव टांगणीला लागला आहे, भूक मेली आहे, कशातच राम वाटत नाही. यांपैकी काही उद्गार चिंतेचे आहेत, काही अवसादाचे, काही निव्वळ थकव्याचे. आणि या सर्वांवर पांघरूण घालणारा एक शब्द आज गावापासून शहरापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे, तो म्हणजे 'टेन्शन'. या शब्दाला आपण जोडलेली क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. टेन्शन 'येते', टेन्शन कोणी 'देतो', पण सर्वांत अधिक वेळा टेन्शन 'घेतले' जाते. 'टेन्शन घेऊ नकोस' हा आपल्याकडील सार्वत्रिक दिलासा आहे. जे घेतले जाते ते न घेणेही आपल्या हाती असते, असा त्याचा गर्भितार्थ होतो. आणि ज्याला ते सुटत नाही तो विद्यार्थी मनातल्या मनात स्वतःलाच दोषी ठरवितो. ज्या भाषेत त्रास हा त्रास होणाऱ्याचाच दोष ठरतो, त्या भाषेत 'तुम्हांस किती वेळा ताण जाणवला?' या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळेल अशी अपेक्षा धरणे धाडसाचे आहे.

यात आपल्याकडील आणखी एक गोष्ट मिसळते. अभियांत्रिकी व वैद्यकाचे शिक्षण आपल्याकडे बहुतांशी इंग्रजीतून होते, तर कलाशाखेतील पुष्कळ विद्यार्थी मराठीतून शिकतात. साहजिकच संशोधक पहिल्या दोन शाखांना मूळ इंग्रजी प्रश्नावली देतो आणि तिसरीला तिचे मराठी भाषांतर. पुष्कळदा हे भाषांतर त्याने स्वतःच एका बैठकीत केलेले असते, आणि ते पुन्हा इंग्रजीत आणून पडताळण्याची तसदी घेतलेली नसते. कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सिद्ध केलेल्या आणि पुढे दहा प्रश्नांच्या रूपात प्रचारात आलेल्या ताणश्रेणीत चार प्रश्न उलट्या दिशेचे आहेत. त्यांत गोष्टी आपल्या मनासारख्या होत असल्याची जाणीव विचारली आहे, व त्यांचे गुण उलटे धरावयाचे असतात. भाषांतरात अशा वाक्याला एखादा नकार चुकून चिकटला, किंवा वाक्य इतके संस्कृतप्रचुर झाले की वाचणारा अर्थाऐवजी त्याच्या भारदस्तपणालाच मान देऊन 'कधी कधी' या मधल्या खणात खूण करून मोकळा झाला, तर कलाशाखेचे मध्यमान चार-दोन गुणांनी सरकेल. प्रबंधिकेत मात्र तो फरक शाखेच्या नावावर जमा होईल. वास्तविक तो दोन भाषांमधील फरक होय.

३

आता साधनाकडे वळू. मोजपट्टी कोणती वापरली यावर उत्तर किती अवलंबून असते, याचा उत्तम दाखला वैद्यकीय विद्यार्थ्यांविषयीच्या संशोधनातच मिळतो. रोटेनस्टाईन व सहकाऱ्यांनी २०१६ साली ४३ देशांतील १८३ अभ्यास एकत्र करून, एकूण १,२२,३५६ वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी शेकडा २७.२ जणांत अवसाद किंवा अवसादाची लक्षणे आढळतात असा अंदाज प्रसिद्ध केला. हा आकडा आता सर्वत्र उद्धृत होतो. परंतु त्याच लेखात असेही नमूद आहे की, मापनाच्या साधनांनुसार हे प्रमाण शेकडा ९.३ पासून ५५.९ पर्यंत बदलते. एकाच शाखेत केवळ मोजण्याच्या रीतीमुळे जर इतके अंतर पडत असेल, तर एका प्रबंधिकेतील वैद्यकशाखेचा आकडा दुसऱ्या प्रबंधिकेतील वाणिज्यशाखेच्या आकड्याशेजारी मांडून 'पूर्वसंशोधनाशी निष्कर्ष सुसंगत आहे' असे म्हणण्याला काय अर्थ उरतो?

प्रत्येक साधनाची स्वतःची एक कालमर्यादा असते, हेही विसरले जाते. अवसादासाठी प्रचलित असलेली नऊ प्रश्नांची श्रेणी मागील दोन आठवड्यांविषयी विचारते. अवसाद, चिंता व ताण यांची एकवीस प्रश्नांची श्रेणी मागील एका आठवड्याविषयी. कोहेन यांची श्रेणी मागील एका महिन्याविषयी. अभियांत्रिकीच्या वर्गात सबमिशन आणि तोंडी परीक्षेच्या आठवड्यात फिरविलेली प्रश्नावली आणि कलाशाखेत दिवाळीच्या सुटीनंतर भरून घेतलेली प्रश्नावली यांची तुलना म्हणजे ज्येष्ठातल्या नदीची भाद्रपदातल्या नदीशी तुलना होय. प्रबंधिकेत नमुन्याची संख्या असते, वयोगट असतो, लिंगानुसार विभागणी असते; पण प्रश्नावली कोणत्या तारखेस भरून घेतली आणि त्या शाखेची परीक्षा तेव्हा किती दिवसांवर होती, हे सांगणारा रकाना आढळत नाही.

सर्वांत बोधप्रद उदाहरण गोल्डबर्ग यांच्या सामान्य आरोग्य-प्रश्नावलीचे आहे. तिचे बारा प्रश्नांचे रूप विद्यापीठीय संशोधनात फार लोकप्रिय आहे. तिच्या नकारार्थी लक्षणांच्या प्रश्नांना दिलेले पर्याय 'नेहमी'शी तुलना करावयास सांगतात : मुळीच नाही, नेहमीपेक्षा अधिक नाही, नेहमीपेक्षा थोडे अधिक, नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक. मूळच्या गुणदान पद्धतीत पहिल्या दोन पर्यायांना शून्य गुण आहे. आता असा विद्यार्थी कल्पावा की ज्याची झोप तीन वर्षांपूर्वी उडाली ती अद्याप परतलेली नाही. त्याला विचारले की काळजीमुळे झोप कमी झाली आहे काय, तर तो प्रामाणिकपणे उत्तर देईल, 'नेहमीपेक्षा अधिक नाही'. त्याला शून्य गुण मिळतील आणि तो निरोगी ठरेल. उलट ज्याची झोप परीक्षेमुळे गेल्या आठवड्यातच बिघडली, तो बाधित म्हणून नोंदला जाईल. हा दोष जाणकारांनी १९८५ च्या सुमारासच दाखवून दिला होता व त्यावर गुणदानाची सुधारित रीतही सुचविली होती. तरीही आपल्याकडे ही प्रश्नावली वापरताना गुणदानाची कोणती पद्धत स्वीकारली व का, याचा खुलासा अपवादानेच दिसतो. दुःख ज्याच्या अंगवळणी पडले आहे तो या चाळणीतून सुटतो. ज्या शाखेत असे अंगवळणी पडलेले दुःख अधिक, ती शाखा कोष्टकात सुखी दिसते.

४

यानंतर मुख्य अनुमानाचा प्रश्न येतो. शाखा हे कारण आहे काय?

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, कलाशाखेतील शंभर विद्यार्थ्यांत ८० मुली व २० मुलगे आहेत. अभियांत्रिकीतील शंभरात ३० मुली व ७० मुलगे. असेही समजू की दोन्ही शाखांत मुलींपैकी शेकडा ४० व मुलग्यांपैकी शेकडा २० जणांत लक्षणे आढळतात. म्हणजे शाखेचा परिणाम मुळीच नाही. तरीही कलाशाखेची बेरीज ३२ अधिक ४ म्हणजे ३६ येते, आणि अभियांत्रिकीची १२ अधिक १४ म्हणजे २६. शेकडा दहाचा फरक पडला आणि 'कलाशाखेचे विद्यार्थी अधिक ताणग्रस्त' हे वाक्य लिहिण्यास मोकळीक मिळाली. लिंगाच्या जागी घरची ऐपत, वसतिगृहातील वास्तव्य, घरात शिकणारी पहिलीच पिढी असणे, किंवा हवी ती शाखा न मिळणे यांपैकी काहीही घातले तरी हाच प्रकार घडेल. आपल्याकडे शाखा ही बहुधा निवडली जात नाही. ती बारावीच्या व प्रवेशपरीक्षांच्या गुणांनी, घरच्यांच्या मताने आणि शुल्काच्या रकमेने ठरते. जे घटक विद्यार्थ्याला शाखेकडे ढकलतात तेच त्याच्या मनावरही काम करीत असतात. त्यांना वेगळे केल्यावाचून शाखेचा परिणाम सांगणे शक्य नाही.

दुसरी अडचण काळाची. ऑयरबाख व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २१ देशांतील सर्वेक्षणांच्या आधारे असे दाखविले की, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी शेकडा २०.३ जणांना मागील वर्षभरात कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि त्यांपैकी शेकडा ८३.१ जणांत त्याचा आरंभ महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वीच झालेला होता. हा निष्कर्ष ध्यानात घेतला तर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या मनःस्थितीचे खापर त्याच्या शाखेवर फोडताना हात आखडता घ्यावा लागेल.

अर्थात याचा अर्थ शाखा निर्दोष आहेत असा नव्हे. रोटेनस्टाईन यांच्याच संकलनात, वैद्यकीय शिक्षणाच्या आधी व शिक्षण चालू असताना त्याच विद्यार्थ्यांची मोजणी केलेले नऊ अभ्यास आहेत. त्यांत अवसादाच्या लक्षणांचे प्रमाण शिक्षणकाळात वाढल्याचे दिसते. वाढीचा मध्यांक शेकडा १३.५ आहे. येथे तुलना वैद्यकाची वाणिज्याशी नसून विद्यार्थ्यांची त्यांच्याच पूर्वस्थितीशी आहे, म्हणून तिला वजन आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी पाच शाखांतील अडीचशे जणांस एकदा गाठण्याऐवजी एकाच शाखेतील पन्नास जणांस दोन वर्षांत तीनदा गाठले, तर श्रम फारसे वाढणार नाहीत व फळ मात्र कितीतरी अधिक मिळेल.

जाता जाता संख्याशास्त्राची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाच शाखांच्या दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीची परीक्षा ०.०५ या सार्थकता-पातळीवर स्वतंत्रपणे केली, तर खरा फरक कोठेही नसताना निदान एक तरी 'सार्थक' फरक योगायोगाने हाती लागण्याची शक्यता शेकडा ४० च्या आसपास असते. पुष्कळ निष्कर्षांचा उगम येथेच असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे.

५

नमुन्यात कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे या विषयात अधिक महत्त्वाचे ठरते. प्रश्नावली वर्गात वाटली जाते. ज्याचे मन पार खचले आहे तो त्या दिवशी वर्गात नसतो. तो वसतिगृहाच्या खोलीत दार लावून पडलेला असतो, किंवा गावी निघून गेलेला असतो, किंवा 'इयर डाऊन' झाल्यामुळे हजेरीपटावरूनच उतरलेला असतो. ज्या शाखेत हजेरीची सक्ती कडक, तेथे असे विद्यार्थी निदान काही प्रमाणात गाठले जातात. ज्या शाखेत हजेरी सैल, तेथे ते पूर्णपणे निसटतात. कलाशाखेच्या वर्गात शंभरांपैकी तीस उपस्थित असतील, तर त्या तिसांचे मध्यमान ही कलाशाखेची मनःस्थिती नव्हे.

याच्या उलट चूकही संभवते. इव्हान्स व सहकाऱ्यांनी २०१८ साली २६ देशांतील २,२७९ पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. चिंता व अवसाद यांचे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येच्या सहापटीहून अधिक आहे, या तिच्या निष्कर्षाने मोठी खळबळ उडाली. पण ती प्रश्नावली समाजमाध्यमांतून व ईमेलने पसरविलेली होती. ज्यांना हा विषय जिव्हाळ्याचा वाटला त्यांनी ती अधिक उत्साहाने भरली असणे स्वाभाविक आहे. वर्गातल्या प्रश्नावलीत दुखावलेले गळतात, तर ऐच्छिक प्रश्नावलीत तेच अधिक गोळा होतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी उपयुक्त आहेत; त्यांची एकमेकांशी तुलना मात्र करता येत नाही.

आरंभी दिलेल्या १३,०४४ या संख्येबाबतही हेच म्हणावे लागते. त्या वर्षीच्या एकूण आत्महत्यांत ती शेकडा ७.६ भरते. 'विद्यार्थी' या एका स्तंभात शाळकरी मुलापासून संशोधकापर्यंत सर्वांचा समावेश आहे. शाखेचा उल्लेख त्यात नाही. तेव्हा अमुक एका शाखेच्या प्रबंधिकेच्या प्रस्तावनेत ही संख्या वापरताना ती आपल्या विषयाचा पुरावा म्हणून नव्हे, तर विषयाच्या गांभीर्याची खूण म्हणूनच वापरली पाहिजे.

६

मग शाखांचा विचारच सोडून द्यावा काय? मुळीच नाही. 'किती' या प्रश्नाचे उत्तर शाखा नीट देत नसली, तरी 'कशाचा' आणि 'कोणाला सांगता येते' या प्रश्नांची उत्तरे ती देते, आणि ती अधिक मोलाची आहेत.

ओझ्याचे प्रकार पाहावेत. वैद्यकाच्या विद्यार्थ्याचे ओझे जागरणाचे, प्रभागातील कामाचे आणि वयाच्या विशीत मृत्यू जवळून पाहण्याचे आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या मागे राहिलेले विषय साठत जातात. 'केटी' या दोन अक्षरांत त्याची सहासहा महिन्यांची भीती सामावलेली असते, आणि नोकरीसाठी येणाऱ्या कंपन्या त्या अक्षरांवरूनच त्याला दारातून परत पाठवितात. वाणिज्याचा विद्यार्थी पदवीबरोबर सनदी लेखापालाच्या परीक्षेचा एकेक प्रयत्न मोजत असतो. संशोधकाचे सारे भवितव्य एका मार्गदर्शकाच्या मर्जीशी बांधलेले असते. बेल्जममधील फ्लँडर्स येथे लेव्हेक व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ३,६५९ संशोधक विद्यार्थ्यांचा अभ्यास करताना शेकडा ३२ जणांना मनोविकाराचा धोका असल्याचे म्हटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कामाचा भार, मार्गदर्शकाची वागण्याची रीत आणि विभागात निर्णय कसे घेतले जातात, यांच्याशी तो धोका त्यांनी जोडून दाखविला. त्यांनी वापरलेली प्रश्नावली वर उल्लेखिलेली बारा प्रश्नांचीच होती. तरीही त्यांचा अभ्यास टिकतो, कारण त्यांनी संशोधकाच्या केवळ मनाकडे न पाहता तो जेथे काम करतो त्या व्यवस्थेकडे पाहिले.

आणि कलाशाखा? 'आर्ट्सवाल्यांना कसले टेन्शन?' हा प्रश्न आपल्या आवारात सहज विचारला जातो. कलाशाखेचा ताण वेळापत्रकात दिसत नाही, कारण तो वेळापत्रकाबाहेरचा आहे. पदवी मिळाल्यावर काय, हा तो प्रश्न. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत स्पर्धापरीक्षांच्या तयारीसाठी वर्षानुवर्षे बसलेली मुले पाहिली म्हणजे त्याचे स्वरूप कळते. त्या वेळी ती कोणत्याही महाविद्यालयाच्या पटावर नसतात, म्हणून कोणत्याही नमुन्यात येत नाहीत.

आमच्या मते या अवस्थेची मराठीतील सर्वांत सूक्ष्म नोंद कोणत्याही प्रबंधिकेत नसून एका कादंबरीत आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकावयास येतो, वसतिगृहात राहतो, खाणावळीच्या कारभारात पैसे गमावतो, परीक्षेत नापास होतो आणि शेवटी पदवीवाचून गावी परततो. मधे धाकट्या बहिणीचा मृत्यू आहे. त्याच्या बोलण्यात 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द पुनःपुन्हा येतात. समीक्षकांनी ही शैलीची लकब मानली. आम्हांस ती एका लक्षणासारखीही वाटते. ज्याला आपले म्हणणे पूर्ण करून सांगण्याची आशा उरली नाही, तो वाक्य 'वगैरे'वर सोडून देतो. अशा तरुणाच्या हाती प्रश्नावली दिली, तर तो ती थट्टेत भरून देईल आणि त्याचे गुण बहुधा मध्यमानाच्या आसपास येतील. कादंबरी ही सर्वेक्षणाची जागा घेऊ शकत नाही. पण सर्वेक्षणाने काय निसटले हे ती दाखवू शकते.

बोलण्याचा हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. लिप्सन व सहकाऱ्यांनी २०१६ साली अमेरिकेतील ८१ महाविद्यालयांतील सुमारे ६४,५०० विद्यार्थ्यांची शाखानिहाय पाहणी प्रसिद्ध केली. मानसिक त्रासाचे प्रमाण तेथे ललितकला व मानव्यविद्या या शाखांत अधिक आढळले. परंतु त्रास असूनही उपचार घेण्याचे प्रमाण सर्वांत कमी होते ते अभियांत्रिकी आणि व्यवसाय-व्यवस्थापन या शाखांत. म्हणजे त्रासाची उतरंड एक आणि मदत मागण्याची दुसरी. पहिली पाहून समुपदेशक नेमला तर अभियांत्रिकी वंचित राहते. दुसरी न पाहता अभियांत्रिकीस 'कणखर' म्हटले तर अन्याय होतो. आणि ज्या वैद्यकशाखेस उपचाराचे ज्ञान सर्वांत अधिक, तिची स्थिती काय? रोटेनस्टाईन यांच्या संकलनात लक्षणे आढळलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी केवळ शेकडा १५.७ जणांनी मानसोपचार घेतला होता. ज्ञान असणे आणि स्वतःसाठी दार ठोठावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

७

आता जी गोष्ट आम्हांस सर्वांत अस्वस्थ करते तिच्याकडे येतो. वर उल्लेखिलेल्या नऊ प्रश्नांच्या श्रेणीतील नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःस इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. आपला विद्यार्थी ही श्रेणी दोनशे जणांस देतो. नावे लिहू नयेत असे आश्वासन देतो. प्रश्नावल्या परत येतात, त्यांतील काहींवर नवव्या प्रश्नापुढे 'जवळजवळ रोज' या रकान्यात खूण असते. संशोधक तिला ३ हा गुण देतो, बेरीज करतो, पुढची प्रश्नावली उचलतो.

त्या खुणेमागे एक माणूस आहे. त्याने कदाचित प्रथमच, आणि तेही कागदावर, ही गोष्ट कोणास सांगितली आहे. आपण ती ऐकली आणि कोष्टकात ठेवून दिली. तीन महिन्यांनी प्रबंधिका ग्रंथालयात जाते. त्या मुलाचे काय झाले हे विचारण्याची सोयच आपण ठेवलेली नसते. यात संशोधकाची निर्दयता नसते. त्याला कोणी हे शिकविलेलेच नसते. दोष मार्गदर्शकाचा व विभागाचा, म्हणजे आपला आहे. ज्या प्रश्नाच्या उत्तराला प्रतिसाद देण्याची तयारी नाही तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे आम्हांस वाटते.

तयारी म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हे. प्रश्नावली वाटण्यापूर्वी त्या महाविद्यालयातील समुपदेशकाशी किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाशी बोलून ठेवावे. प्रत्येक प्रश्नावलीसोबत वेगळी करता येईल अशी एक चिठ्ठी जोडावी; ज्यास कोणाशी बोलावयाचे असेल त्याने तीवर आपला पत्ता देऊन ती स्वतंत्र पेटीत टाकावी. शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी-सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; तिचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीच्या मागे छापावा. आणि हे काहीच जमत नसेल, तर ती श्रेणी वापरू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. संशोधनाच्या निमित्ताने ज्याची व्यथा आपल्या हाती आली त्याला त्या हक्काची निदान माहिती तरी द्यावी.

८

हे सर्व लिहिताना प्रबंधिकांच्या लेखकांवर रोष धरण्याची आमची इच्छा नाही. त्यांपैकी पुष्कळजण स्वतः त्याच ओझ्याखाली असतात, आणि त्यांनी हा विषय निवडलेला असतो तोही कदाचित त्यामुळेच. म्हणूनच त्यांच्या श्रमांचे चीज व्हावे.

त्यासाठी आमच्या सूचना चारच. प्रश्नावलीच्या मराठी रूपाची भाषा प्रथम दहा-पंधरा विद्यार्थ्यांसमोर बसून तपासावी. कोणता शब्द त्यांना अडतो, कोणत्या शब्दावर ते हसतात, हे टिपून ठेवावे. प्रत्येक शाखेच्या आकड्यासोबत माहिती गोळा केल्याची तारीख, परीक्षेपासूनचे अंतर व पटावरील संख्येशी उपस्थितांचे प्रमाण द्यावे. शाखाशाखांची उतरंड लावण्याऐवजी एका शाखेचे ओझे कशाचे बनले आहे, हे त्याच विद्यार्थ्यांना पुनःपुन्हा भेटून शोधावे. आणि नवव्या प्रश्नाची जबाबदारी घेता येत नसेल तर तो विचारू नये.

आपल्या विभागात पुढील सत्रात या विषयावर प्रबंधिका सादर होतील. त्यांच्या आराखड्यांवर सही करण्यापूर्वी प्रत्येक मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला एवढेच विचारावे : तुझ्या प्रश्नावलीच्या दिवशी जो वर्गात नव्हता, त्याच्यापर्यंत तू कसा पोहोचणार आहेस?